घरी कावया, वहीत कावळा

(शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात १९८१ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. मला सवय पस्तीस मिनिटांच्या तासाची. शिवाय कुणाला मागच्या बाकावर डुलकी लागली तर खडू फेकायची सोयही आता राहिली नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

हा विषय मी मागून घेतलेला नाही. तो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निघाला. आपल्यातल्याच एका मैत्रिणीनं (ती समोरच बसली आहे, नाव घेत नाही) एका रात्री लिहिलं होतं: 'नातू साडेतीन वर्षांचा आहे. रोज एक पान एबीसीडी गिरवून न्यावं लागतं. गिरवताना रडतो. मराठी अक्षर तर एकही ओळखत नाही. मी आजी म्हणून काय करू?' त्यावर रात्री बारापर्यंत उत्तरं येत होती. कुणी तक्ता पाठवला, कुणी गाणं पाठवलं, कुणी मोबाइलवरचा खेळ. एकानं लिहिलं, 'आपल्या वेळी छडी होती, म्हणून सगळ्यांना सगळं येत होतं.' त्यावर बरेच अंगठे वर आले.

मी काहीच लिहिलं नाही. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुतेक पहिली-दुसरीच शिकवली, पण एका ओळीत काय सांगावं ते कळेना. आज जमलं तर बघतो.

आधी त्या 'सगळ्यांना येत होतं' याबद्दल. १९७१ साली आपण पहिलीत होतो तेव्हा दोन तुकड्या होत्या, आणि बसायला पट्ट्या पुरत नव्हत्या. मागची पोरं जमिनीवर बसत. दहावीला एकच तुकडी उरली, आणि तीही भरलेली नव्हती. बाकीचे कुठं गेले? काही गुरांमागे, काही वावरात, काही पोरी धाकट्या भावंडांना सांभाळायला, हे आपल्याला माहीत आहे. पण त्यातले कितीतरी आधी पाटीवरच थांबले होते, मग गुरांमागे गेले. ते आज या मांडवात नाहीत. म्हणून आपल्याला वाटतं की सगळ्यांना येत होतं.

पहिलीचा वर्ग आठवा. कडुनिंबाच्या बाजूची ती कौलारू खोली. भिंतीवर तक्ता. अ अननसाचा. आपल्या गावात अननस कुणी पाहिला होता? मी पहिल्यांदा खाल्ला तो डी.एड.ला असताना, आणि खाताना मनात आलं, अरे, हाच तो 'अ'! झ झबल्याचा, ठ ठशाचा, ण बाणाचा. आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, ळ बाळाचा.

तिथं आपलं घोडं अडायचं. आपण वऱ्हाडातले. आपल्या घरच्या बोलीत ळ नाही, त्याच्या जागी य आहे. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, कावळा म्हणजे कावया. गुरुजी तक्त्यावर छडी टेकवायचे आणि आपण सुरात ओरडायचो, 'ळ बायाचा!' तेव्हाचे आपले गुरुजी बाहेरगावचे होते. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना हसू यायचं. 'कोणत्या बायांचा रे?' असं ते विचारायचे आणि वर्ग हसायचा. मीही हसायचो. मग माझी पाळी यायची. काही दिवसांनी मी एक युक्ती काढली. वाचताना ळ आला की तोंड मिटून घ्यायचं. 'शाळा' आलं की 'शा' म्हणून थांबायचं. दोन-तीन महिने मी असं अर्धं-अर्धं वाचलं, आणि गुरुजींना वाटलं की पोराला काना येत नाही. मग कान्याचा मार बसला.

पुढं गुरुजी रजेवर गेले आणि बाई आल्या. त्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्हाला हे आठवत नसेल, तुमच्या हाताखालून हजारभर पोरं गेली असतील. मला मात्र ती दुपार अजून दिसते. खिडकीच्या गजावर एक कावळा येऊन बसला होता. तुम्ही विचारलं, 'हे काय रे?' सगळा वर्ग म्हणाला, 'कावया.' तुम्ही हसला नाहीत. फळ्यावर 'कावळा' लिहिलंत आणि म्हणालात, 'घरी कावया, वहीत कावळा. पक्षी तोच.' मग आम्हाला जीभ उलटी वळवून टाळ्याला लावायला सांगितलीत आणि तिथून सोडायला. सगळी दुपार आपण ळ-ळ-ळ करत होतो, शेजारच्या वर्गातून निरोप आला की आवाज कमी करा म्हणून. संध्याकाळी घरी जाऊन मी आईला म्हटलं, 'आपल्या घरी कावया आहे, शाळेत कावळा आहे.' ती म्हणाली, 'असन बाप्पा.'

त्या दुपारी मला वाचता यायला लागलं असं म्हटलं तरी चालेल.

आणि हे मी साफ विसरलो.

१९८६ साली मला पहिली नेमणूक मिळाली ती दिग्रस तालुक्यातल्या एका तांड्यावर. शाळा दोन शिक्षकी, वर्ग चार. सगळी मुलं बंजारा समाजाची, घरात गोरमाटी बोलणारी. मला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता आणि यायला हवा असं वाटतही नव्हतं. माझ्या पेटीत नवाकोरा तक्ता होता. अ अननसाचा.

१९८८ च्या पहिलीतल्या एका मुलाबद्दल सांगतो. नाव सांगणार नाही. तो आजही त्याच तांड्यावर राहतो, आणि आजच्या भाषणांची स्मरणिका निघणार आहे म्हणतात, ती त्याच्या लेकीच्या हाती पडू शकते.

मी 'आ'च्या चित्रावर छडी ठेवली. चित्रात एक बाई, काखेत मूल. विचारलं, 'हे काय?' तो मोठ्यानं म्हणाला, 'याडी!' गोरमाटीत आईला याडी म्हणतात. मी म्हटलं, 'चूक. आई.' अननसावर छडी ठेवली. तो म्हणाला, 'सीताफळ!' आता बघा, त्या टेकड्यांवर सीताफळाची झाडं मोप. अंगावर खवले असलेलं, हिरवंपिवळं फळ त्यानं एकच पाहिलेलं. मी म्हटलं, 'चूक. अननस.' जहाज त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिथं तो गप्प राहिला, तेव्हा मी म्हटलं, 'हेही येत नाही.' आठवडाभरात तो सगळ्याच चित्रांवर गप्प राहायला लागला. मी ज्या अक्षराला जे चित्र लावलं होतं ते त्याच्या लेखी दुसऱ्याच कशाचं तरी होतं, त्यामुळे अक्षराला लटकायला खुंटीच नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघून आवाज लक्षात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी विसरायचा. कोणीही विसरेल.

दिवाळीनंतर त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे, तोही जायचा. पाडव्याच्या पुढंमागं परत. तोवर पाटी कोरी झालेली असायची. तीन वर्षं असं चाललं. मी त्याच्या नावापुढं लिहिलं होतं, 'अबोल. अभ्यासात मागे.' तो अबोल नव्हता. त्याला मी बोलायचं बंद केलं होतं. तिसरीत 'सतत गैरहजर' म्हणून पटावरून नाव कमी झालं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

बदल्या होत होत २००७ साली मी पुन्हा त्याच तांड्यावर आलो. २००९ च्या जून महिन्यात तो मुलीला पहिलीत घालायला घेऊन आला. उंचापुरा झाला होता, मिशी होती. मी ओळखलं, त्यानंही ओळखलं. प्रवेशाचा अर्ज मी भरला आणि पेन त्याच्यापुढं केलं. त्यानं पेन घेतलं नाही. डावा हात पुढं केला, अंगठा वर करून. माझ्याकडे न बघता.

नि. डा. अं. निशाणी डावा अंगठा. ही अक्षरं मी त्या अर्जावर माझ्या हातानं लिहिली. तीन वर्षं माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या अंगठ्यापुढं. जाताना तो म्हणाला, 'गुरुजी, पोरीले शिकवा बरं.' त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं सांगून तुमची सहानुभूती मिळवायची नाही. झोप लागली. पण सकाळी मी तक्ता भिंतीवरून काढला.

आता इथून पुढं जे सांगतो त्यात माझा शोध काही नाही. डी.एड.ला आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ अभ्यासाला होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, आणि शिकवायला शिंपले, बिया, पानं, खडे, जे त्या अंगणात आहे तेच वापरायचं. 'अंगणवाडी' हा शब्द आज सरकारी पाटीवर दिसतो, तो त्यांच्या कामातून आला. परीक्षेत यावर पाच गुणांचा प्रश्न होता. मला चार मिळाले. ते उत्तर वर्गात उतरायला पुढं चोवीस वर्षं लागली.

मी पहिल्या आठवड्यात एकही अक्षर शिकवलं नाही. मुलींना विचारत बसलो, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. भाकरीला बाटी. तांड्याला तांडो. मुलीला छोरी. माझे उच्चार ऐकून त्या इतक्या हसल्या की काही विचारू नका. आणि तेव्हा मला आपल्या गुरुजींच्या वर्गात हसणं कसं लागायचं ते आठवलं, पण या वेळी हसणारी पोरं होती, आणि चुकणारा मी. त्यानं वर्गाची हवाच बदलली. मग मोठ्या कागदावर लिहिलं 'याडी'. चित्र एका मुलीनं काढलं, तिच्या आजीसारखी चुनी डोक्यावर घेतलेली बाई. खाली दुसरा कागद, 'आई'. म्हटलं, 'घरी याडी, वहीत आई. माय तीच.'

बाई, हे वाक्य तुमचं आहे. मी फक्त कावळा काढून तिथं माय बसवली.

शब्द तोंडात असला आणि तो लिहिलेला समोर दिसला की मूल त्यात आपण होऊन तुकडे शोधायला लागतं. 'याडी'तला पहिला 'या' आणि 'या, बसा'मधला 'या' सारखा दिसतो, हे मला एका मुलीनं दाखवलं. शिवाय प्रत्येकाला आपल्या नावाचं पहिलं अक्षर हवंच असतं. ते अक्षर तक्त्यात कितव्या नंबरवर आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. आपलं नाव भिंतीवर दिसलं की ते दिवसातून दहा वेळा जाऊन त्यावर बोट फिरवून येतं.

पण याचा अर्थ जुनं सगळं टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात अशी एक लाट आली होती की गिरवणं वाईट, बाराखडी वाईट, पाठांतर तर पापच. मला ते पटलं नाही. ओळख एकदा पटली की सराव लागतोच. आणि आपल्या जुन्या मास्तरांची एक गोष्ट तर मला फार हुशारीची वाटते. त्यांनी लिहायला सुरुवात क-ख-ग-घपासून केलीच नाही, ग-म-भ-नपासून केली. आपण ते नुसतं 'गमभन' म्हणून थट्टेनं घेतो. पण करून बघा. चारही अक्षरांच्या उजवीकडे एक उभी रेघ आहे. ती रेघ एकदा हातात बसली की उरतं फक्त डाव्या बाजूचं वळण. आणि या चार अक्षरांत, एकही काना-मात्रा न लावता, मन, मग, नग, नभ, गगन, नमन एवढे शब्द होतात. काना दिला की मामा, नाना, नाग, मान, भाग. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच मूल शब्द वाचतं. क-ख-ग-घ-ङ या क्रमानं गेलात तर 'ङ'चा एकही शब्द तुम्हाला त्याला दाखवता येणार नाही. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागांवरून लावलेला आहे, कंठापासून ओठापर्यंत. शास्त्र म्हणून तो सुंदर आहे. पण हाताला त्याचा काही उपयोग नाही. हाताला व-ब-क एकत्र लागतात, र-स-ख एकत्र लागतात, प-ष-फ एकत्र लागतात.

फक्त एक पथ्य. दिसायला फार जवळची अक्षरं एकाच दिवशी ओळखायला देऊ नका. घ आणि ध, भ आणि म. एक पक्कं होऊ द्या, दहा-बारा दिवस जाऊ द्या, मग दुसरं. 'ख'ला तर मुलं हमखास 'रव' वाचतात, कारण तो तसाच दिसतो. त्यात मुलाची चूक काय?

आणि घाई. आपल्या मैत्रिणीच्या नातवाला इंग्रजीची छोटी-मोठी मिळून बावन्न अक्षरं ओळखायची आहेत. मराठीत ३४ व्यंजनं, त्यांची बारा-बारा रूपं, म्हणजे ४०८ झाली. २००९ च्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत आले, तेव्हा बाराखडीची आता चौदाखडी झाली आहे, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी नातवंडांसमोर जपून बोला. शिवाय जोडाक्षरं. शिवाय 'कि'ची वेलांटी बोलताना नंतर आणि लिहिताना आधी. शिवाय 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा, 'झेंडा'तला झ वेगळा आणि 'झाड'मधला वेगळा, पण अक्षर एकच. अमेरिकेतल्या नातवंडांना मराठी शिकवणाऱ्यांना हे विशेष जाणवेल. आपल्याला कधी जाणवत नाही, कारण आपल्या कानात दोन्ही आधीच होते. एवढं सगळं बसायला दोन वर्षं लागतात, काहींना तीन. त्या बदल्यात आपली लिपी एक उपकार करते. एकदा ती बसली की न पाहिलेला शब्दही मूल वाचून दाखवतं. स्पेलिंग पाठ करावं लागत नाही.

आता हाताबद्दल, कारण आजीचा नातू गिरवतानाच रडतो आहे.

साडेतीन वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिलीसाठी तयार नसतात. तो पेन्सिल मुठीत धरतो, मनगट उचलतो, खांद्यापासून जोर लावतो. एका ओळीत हात भरून येतो. रडेल नाही तर काय करेल? माझ्या तांड्यावरची पोरं आईबरोबर उसाच्या मोळ्या ओढलेली, दगड उचललेली, पण पेन्सिल त्यांनाही जमत नव्हती. हाताची ताकद वेगळी आणि बोटांची कला वेगळी. मॉन्टेसरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरं करून मुलांना त्यावर बोट फिरवायला दिलं होतं. खरखरीत कागद मला परवडत नव्हता, पण आपल्या पणजोबांची धुळपाटी होतीच. शाळेच्या पडवीत बारीक माती पसरली, बोटानं अक्षर काढायचं, हात फिरवून पुसायचं. चुकलं तरी खूण राहत नाही, लाल शाई नाही, खाडाखोड नाही. रांगोळी घालणाऱ्या मुली यात पुढं निघाल्या. आणि एक खेळ, जो आजीनं आजच्या रात्री करून बघावा. नातवाला पाठमोरं बसवायचं, त्याच्या पाठीवर बोटानं मोठं अक्षर काढायचं, त्यानं ओळखायचं. मग त्यानं तुमच्या पाठीवर काढायचं. गुदगुल्या होतात, दोघंही हसता, आणि वळण अंगात उतरतं.

बाकी मटार सोलायला द्या, मेथी निवडायला द्या, कणकेचे गोळे करायला द्या. आजीची भाजी लवकर होणार नाही, पण नातवाची बोटं तयार होतील. शाळेतून आलेलं ते पान? मी असतो तर दोन ओळी करून देऊन बाकीचं कोरं पाठवलं असतं आणि चार दिवसांनी शाळेच्या बाईंना भेटून आलो असतो. त्या बाईंवरही कुणाचा तरी दट्ट्या असतो, भांडू नका. पण मूल रडतं आहे हे त्यांना कळायला हवं. अक्षर उलटं काढलं तर लगेच डॉक्टर शोधू नका. या वयात बरीच मुलं आरशातल्यासारखं लिहितात आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप सुटं होतं.

अक्षर लिहिताना शिरोरेघ शेवटी द्यायची, एवढं मात्र मी हट्टानं शिकवलं. आधी रेघ ओढली की मुलं तिला लटकवत बसतात, आणि अक्षरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी होतात. मी सांगायचो, 'घर बांधून झाल्यावर छप्पर.' आमच्या तांड्यावर हे वाक्य इतकं पसरलं होतं की वही अर्धी राहिली तरी पोरं म्हणायची, 'छप्पर राहिलं.'

सगळी मुलं शिकली असं मी म्हणत नाही. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं, पुढं 'निपुण भारत' आलं, चाचण्या वाढल्या, आणि चाचणीचा उतारा पाठ करून घेणारे मास्तरही मी पाहिले. निवृत्तीच्या वर्षी माझ्या वर्गात दोन मुलं होती ज्यांना जोडाक्षरापाशी अडतच होतं, आणि त्यांना तसंच पुढच्या गुरुजींच्या हवाली करून मी सत्कार घेतला, नारळ घेतला.

पण त्या मुलीचं सांगायचं राहिलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आईबाप उसाला गेले, पण पोरीला आजीजवळ ठेवून गेले. मी दोनदा घरी जाऊन सांगितलं होतं, आणि आजी म्हणाली, ठेवा. संक्रांतीपर्यंत ती गमभनचे शब्द वाचत होती, होळीला बाराखडीत शिरली. रोज संध्याकाळी अंगणातल्या राखेत आजीला अक्षरं काढून दाखवायची. पाडव्यानंतर आईबाप परत आले, तेव्हा बापालाही दाखवायला लागली असणार. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका कागदावर पालकांच्या सह्या हव्या होत्या. तो आला. मी सवयीनं शाईचं पॅड उघडून पुढं सरकवलं. त्यानं ते बंद करून बाजूला ठेवलं आणि पेन मागितलं. मग उभ्या उभ्याच, टेबलावर वाकून, त्यानं आपलं नाव लिहिलं. चार अक्षरं. बराच वेळ लागला. दुसरं अक्षर पहिल्याच्या दुप्पट मोठं झालं. मी काही बोललो नाही, तोही काही बोलला नाही, पेन ठेवून गेला.

मी कागद फायलीत लावला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बघतो तर तो पुन्हा फाटकातून आत येतो आहे. वाटलं, काहीतरी विसरला. दारातच थांबून म्हणाला, 'गुरुजी, तो कागद द्या जरा. छप्पर राहिलं.'

मी कागद काढून दिला. त्यानं चारही अक्षरांवरून एक रेघ ओढली. थोडी वाकडी आली.